स्वेटर कपाटातच राहिला: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीनंतर चार दिवस बरी थंडी पडली, लोकांनी शाली-स्वेटर काढून उन्हात घातले, आणि मग जे ढग आले ते आलेच. संक्रांत आली तरी कित्येक घरांत पंखा बंद झालेला नाही. त्यामुळं या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जवळजवळ सगळे एकाच विषयावर होते. शहरातले होते, जुन्नर, पुरंदर, इंदापूर, मुळशीकडचेही होते. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते कापलेत. नेहमीप्रमाणं नाव नाही, फक्त गाव.

प्रश्न (हडपसर): ताई, टीव्हीवर सांगतात पुण्याचं किमान तापमान बारा अंश, आणि आमच्याकडं पहाटेसुद्धा पंखा दोनवर चालू असतो. बहीण पाषाणला राहते, ती म्हणते कुडकुडायला होतंय. मग थंडी खरंच कमी झालीये का फक्त आमच्याकडचीच गेलीये?

उत्तर: दोन्ही झालंय. पुण्याचा म्हणून जो आकडा सांगतात तो शिवाजीनगरच्या वेधशाळेचा असतो, म्हणजे जुने पुणेकर अजून जिला शिमला ऑफिस म्हणतात ती, कारण १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्य ऑफिस शिमल्याहून इथं आलं. तिथं झाडी आहे, मोकळी जागा आहे. तुमच्याकडं मगरपट्टा, वडगाव शेरी या सगळ्या पट्ट्यात दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत बसतं, त्यामुळं एकाच पहाटे शिवाजीनगर आणि मगरपट्ट्यात चार-पाच अंशांचा फरक सहज निघतो. पाषाण, एनडीए किंवा हवेलीतली खोलगट जागेतली गावं, तिथं उलटं. थंड हवा जड असते, ती टेकड्यांवरून उतरून खाली साचते. बहीण खोटं बोलत नाहीये.

आता मुळातली थंडी. आपली थंडी दोन गोष्टींवर चालते, उत्तरेकडचा कोरडा वारा आणि रात्रीचं मोकळं आभाळ. आभाळ मोकळं असलं की जमिनीची उष्णता वर निघून जाते, ढग असले की अडकते, एवढं साधं आहे. बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात काही शिजायला लागलं की वारा फिरतो, दमट हवा आत येते आणि थंडी रातोरात गायब. २०२४ चं आठवत असेल, नोव्हेंबरच्या शेवटी पुद्दुचेरीजवळ फेंगल चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं आणि इथं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोक घामाघूम. इतक्या लांबचं वादळ आणि आपल्या खिडक्या उघड्या! त्याशिवाय एकूणच पारा वर सरकतोय हेही आहेच, १९०१ पासूनच्या नोंदीत २०२४ हे देशातलं सगळ्यात गरम वर्ष ठरलं आणि २०२५ चा फेब्रुवारी सगळ्यात गरम फेब्रुवारी.

जाता जाता, पुण्यात कसली आलीये थंडी असं म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठी: १९३५ च्या जानेवारीत इथं १.७ अंशांची नोंद आहे.

प्रश्न (कोथरूड): मुलांना घेऊन भिगवणला गेलो, बोटवाल्या दादांनी दीड तास फिरवलं, बदकं-बगळे दिसले पण फ्लेमिंगो फक्त लांब एक पट्टा. दादा म्हणाले यंदा थंडीच नाही तर पक्षी कुठून येणार. हे खरं का?

उत्तर: अर्धंमुर्धं. आणि चुकीचं अर्धं जास्त मोठं आहे.

भिगवण म्हणजे उजनी धरणाचा काठ, तिथल्या बॅकवॉटरला येणारा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, थर्मामीटर बघून येत नाही, चिखल बघून येतो. त्याची चोच बघितलीत ना, उलटी वाकडी, ती उथळ पाण्यात तळाशी घालून तो पाणी गाळतो आणि शेवाळ, किडे, बारीक जीव खातो. घोटाभर, गुडघाभर पाणी आणि खाली गाळ, हे त्याचं ताट. धरण काठोकाठ भरलेलं असलं की हे ताट पाण्याखाली असतं. रब्बीच्या पिकांसाठी कालव्याला पाणी (आवर्तनं) सुटली, पाणी उतरायला लागलं, कुंभारगाव-डाळजच्या बाजूला काठ उघडे पडले की मग थवे दिसायला लागतात. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी ते उशिरा येतात आणि लोक म्हणतात थंडी नाही म्हणून आले नाहीत. २०२३ ला उजनी पूर्ण भरलीच नव्हती आणि २०२४ ला गच्च भरली, दोन्ही वर्षी काठ कुठं होता हे तिथल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, तो बोटीतून उभ्या उभ्या दाखवेल. तेव्हा पुढच्या वेळी निघण्याआधी तापमान नको, धरणात किती टक्के पाणी आहे ते बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चक्कर टाका, बहुतेक काम होईल.

थंडीचा संबंध अजिबात नाही असंही नाही, पण तो इथल्या थंडीचा कमी आणि तिकडच्या थंडीचा जास्त. उत्तरेकडची तळी गोठली की बदकांना निघावंच लागतं, नाही गोठली तर काही मंडळी वाटेतच मुक्काम वाढवतात, युरोपात हे चांगलं नोंदलं गेलंय. आणि परतीचं म्हणाल तर ते बरंचसं दिवसाच्या लांबीवर असतं. उजेडाचे तास वाढायला लागले की शरीरात हार्मोन बदलतात, पक्षी खाऊन चरबी साठवतात आणि निघतात. पट्टकदंब हंसाला हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडं जायचं असतं, पुण्यात पंखा लावला का नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खरी अडचण होते ती वेगळीच. फेब्रुवारीत एकदम तापायला लागलं की लहान तळी, पाझर तलाव भराभर आटतात आणि पक्षी मोठ्या पाण्यावर गर्दी करतात. गर्दी दिसली म्हणून आपण खूश, पण ती खुशीची गर्दी नसते. आणि हो, बोटवाल्या दादांना थव्यात बोट घालायला सांगू नका, फोटोसाठी उडवलेला पक्षी खाणं सोडून उडतो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न (सासवडजवळून): ताई आमची आजी दरवर्षी हरभऱ्यावरची आंब धरायची, पोट दुखलं की द्यायची. यंदा आईनं दोन-तीन पहाटे फडकं टाकलं तर कोरडंच. हरभऱ्याला आंबच नाही का आली? शिवाय अळी जोरात आहे.

उत्तर: वा, आंब धरणारं घर अजून आहे हे वाचूनच बरं वाटलं! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर (म्हणजे शेंगांवर) बारीक लव असते आणि त्या लवेतून आंबट रस पाझरतो, त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हरभऱ्यातून चालत गेलं की पोटऱ्या चुणचुणतात आणि चपलेचा पट्टा पांढरट होतो तो त्यानंच. पहाटे दव पडलेलं असताना स्वच्छ सुती फडकं, जुन्या धोतराचं असेल तर उत्तम, पिकावरून अलगद फिरवायचं नाहीतर रात्रीच पसरून ठेवायचं, दवात विरघळलेली आंब कापडात उतरते, ती पिळून काचेच्या बाटलीत भरायची. स्टीलच्या डब्यात नाही, आजीला विचारलंत तर तीही हेच सांगेल.

आता तुमचं कोडं. आंब आलीये, दव आलेलं नाही. घाटा जिभेला लावून बघा, आंबटच लागेल. पण दव पडायला रात्री पानं गार व्हावी लागतात आणि त्यासाठी परत तेच, मोकळं आभाळ आणि शांत वारा. ढगाळ रात्री पान पुरेसं गार होतच नाही, मग फडकं कोरडं. चार रात्री आभाळ निवळलं की आईंना परत टाकायला सांगा.

दवाचं एवढं कौतुक का तर कोरडवाहू हरभरा आणि शाळू (रब्बीची ज्वारी) ही दोन्ही पिकं पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर निघतात, वरून पाणी कुणी देत नाही. गार रात्रींत ती ओल पुरवून पुरवून वापरली जाते. उबदार हिवाळ्यात पिकाला घाई होते, लवकर फुलोरा, लवकर दाणे, आणि ओलही लवकर संपते. गव्हाचं तर सरळ गणित आहे, थंडी असली की फुटवे जास्त, थंडी नसली की झाड उंचीला बेतास बात, ओंबी लवकर, दाणा चिमटलेला. पाणी असेल तर मुकुटमुळं फुटताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना चुकवू नका, दुपारचा पारा चढायला लागला की हलकं पाणी द्यायचं, तुंबवायचं नाही.

घाटे अळी ढगाळ उबदार हवेत वाढते हे तुम्ही बघताच आहात. लगेच औषधाच्या दुकानात पळू नका. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, किती पतंग पडतात ते बघा, आणि शेतात इंग्रजी टी सारखे काठीचे पक्षीथांबे रोवा, वीसेक तरी. कोतवाल, साळुंक्या, बगळे फुकटात काम करतात. कोतवाल बसायला जागा शोधतच असतो, हरभऱ्यात त्याला उंच काही मिळत नाही म्हणून तो बांधावरच्या बाभळीवर थांबतो आणि मधल्या सऱ्या अळीला मोकळ्या राहतात. अळी लहान असताना पाच टक्के निंबोळी अर्क चालतो, मोठी झाली की तो तिला चटणीसारखा.

प्रश्न (ओतूर): थंडी कमी आहे म्हणून बिबटे जास्त फिरतात असं आमच्याकडं बोलतात. वस्तीवरचं कुत्रं गेलं. काय समजायचं?

उत्तर: दादा, थंडीवर ढकलू नका, उसाकडं बघा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत कित्येक बिबटे जन्मापासून उसातच राहतात, उसाला पाणी बारमाही, आत गारवा, लपायला जागा आणि बाहेर कुत्री, शेळ्या, डुकरं. पिल्लंही वर्षात कधीही होतात. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की एकेक फड मोकळा होतो आणि जनावराला घर बदलावं लागतं, ते बदलताना ते तुम्हाला दिसतं. ही तोड गुलाबी थंडीतही होते, कडाक्याच्याही आणि यंदासारख्या पंख्याच्याही.

बदलतं ते माणसाचं वागणं. कडाका असला की सातच्या आत सगळे घरात, दार लोटलेलं. उकडत असलं की लोक ओट्यावर झोपतात, पोरं अंधारात अंगणात खेळतात, तोडणी कामगारांच्या कोपीचं तोंड रात्रभर उघडं. त्यात शेतीची लाइट कित्येकदा रात्रीच येते, दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) माणूस एकटा उसात वाकून उभा. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटू शकतो, म्हणून एकट्यानं जाऊ नका, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा, बॅटरी आणि काठी बरोबर. गोठ्याला वरून पण जाळी हवी, नुसत्या कुडाचा उपयोग नाही. कुत्रं रात्री दाराबाहेर साखळीला बांधून ठेवणं म्हणजे त्याला वाढून ठेवणं.

उसात बछडे सापडले तर उचलू नका, सेल्फी तर नाहीच नाही. तोड तिथंच थांबवा आणि वनविभागाला कळवा, १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे. ते लोक बछडे त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि बरेचदा रात्रीतून आई येऊन घेऊन जाते. हलवलेत तर चिडलेली आई तुमच्याच शिवारात पिल्लं शोधत फिरणार. जखमी किंवा पोरकं जनावर असेल तर ते माणिकडोहच्या बिबट केंद्रात नेतात.

प्रश्न (पौड): हिवाळ्यात साप झोपतात असं शाळेत शिकलो, पण आठवड्यात दोनदा घोणस दिसली, एकदा तर दोन एकत्र. हे उबदार हवेमुळं का?

उत्तर: बर्फाच्या देशांतले साप महिनोन्‌महिने झोपतात, आपल्याकडचे फक्त सुस्तावतात. सापाचं अंग बाहेरच्या हवेबरोबर गार-गरम होतं, म्हणून थंड रात्री तो बिळात आणि सकाळी उन्हाला. रात्र उबदार असली की रात्रीही बाहेर, उंदीर तसेही भाताच्या खळ्यावर जमलेले असतातच.

घोणशीचं आणखी एक, तिचा जोडीला यायचा काळ हाच, हिवाळ्याचा. नर माद्या शोधत फिरतात, एकमेकांशी झुंजतात, म्हणून एकत्र दोन दिसल्या. पुढं उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर तिला थेट पिल्लं होतात, अंडी नाहीत, आणि होतात ती डझनांनी. ओळखायची कशी तर अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, जाड शरीर आणि डिवचली की कुकरची शिट्टी अडकल्यासारखा लांबलचक फुत्कार. तो फुत्कार म्हणजे ती सांगतेय लांब हो. व्हा लांब. अजगर समजून पोत्यात भरायला जाणारे लोक दरवर्षी निघतात, त्यातले नका होऊ.

गवत कापताना, पेंढा उचलताना, सरपण काढताना आधी काठीनं हलवा, पायात गमबूट, रात्री बॅटरी. चावलीच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. अंगठी-बांगडी काढा कारण सूज येते, हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात. आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून न्यायची काही गरज नाही.

प्रश्न (नारायणगाव): द्राक्ष आहेत आणि बांधाला हापूसची पंधरा-वीस झाडं. द्राक्षाला थंडी कमी म्हणून बरं म्हणतात, आंब्याला वाईट म्हणतात, मग मी हसू का रडू?

उत्तर: सध्या दोन्ही थोडं थोडं. द्राक्षात पारा फार उतरला की पांढऱ्या जातींत गुलाबी मणी येतात, म्हणून तुम्ही घडांना पेपर गुंडाळत बसता, ते काम यंदा वाचेल. पण उबदार प्लस ढगाळ म्हणजे भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांना आमंत्रण, आणि त्यात एक सर आली तर मणी तडकले. वाचलेला पेपरचा खर्च फवारणीत गेला असं समजा.

आंब्याचं जरा खोलात जाऊ. पावसाळ्यानंतर आलेली पालवी जून होते, काडी विश्रांती घेते आणि मग सलग काही गार रात्री मिळाल्या की डोळ्यातून मोहोर निघतो. रात्री गार झाल्याच नाहीत तर तीच काडी परत पालवी फेकते, तांबूस लुसलुशीत पानं, बघायला छान आणि खिशाला घाण. किंवा मोहोर येतो पण हप्त्याहप्त्यानं, एका फांदीवर वाटाणा, दुसरीवर नुसता तुरा. मग तोडणीही हप्त्याहप्त्यानं. ढगाळ हवेत तुडतुडे वाढतात, पानं चिकट दिसली की समजा आले.

पण कडक थंडी म्हणजे आंब्याची चंगळ असंही नाही हं. फार थंडीत निघालेल्या मोहोरात नुसती नर फुलं जास्त असतात, त्यांना फळ धरत नाही. आणि फळ धरल्यावर परत थंडी पडली की त्याच फांदीवर पुनर्मोहोर येतो आणि आधीची बारीक कैरी गळून जाते, हे रडगाणं कोकणात दर दोन वर्षांनी ऐकायला मिळतं. उबदार हिवाळ्यात निदान ते तरी कमी. तुमच्याकडं ज्या झाडांना पालवी आलीये त्यांना आता छेडू नका, पाणी-खताचा मारा करून ती अजून पालवीच देतील.

प्रश्न (राजगुरुनगर): कांद्याला डेंगळे (फुलाचे दांडे) कमी दिसतायत, हे थंडी नसल्यामुळं?

उत्तर: हो. रोपाला थंडी लागली की कांदा पोसायचं सोडून फुलावर येतो. यंदा ते कमी, पण ढगाळ हवेतला करपा आणि गरम हवेतले फुलकिडे सांभाळा. बाकी तुमच्या गावातच कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, पुण्याला पत्र काय लिहिताय!

प्रश्न (बारामती): उसाला यंदा भरपूर तुरा. सगळे म्हणतात थंडी नाही म्हणून. उतारा पण कमी लागणार का?

उत्तर: तुरा दिसतो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पण तो ठरतो त्याच्या बऱ्याच आधी, पावसाळ्याच्या शेवटी दिवस लहान व्हायला लागतात तेव्हा, आणि तेव्हा ओल भरपूर, रात्री उबदार असतील तर जास्त. डिसेंबरच्या थंडीला त्याचं बिल लावू नका. उताऱ्याचं, म्हणजे उसातून किती साखर निघते त्याचं, मात्र थंडीशी थेट आहे. कोरड्या गार रात्री आणि स्वच्छ ऊन असलं की ऊस वाढ थांबवून साखर साठवतो, उबदार ढगाळ हवेत तो वाढतच बसतो. तुरा आलेला ऊस फडात फार दिवस ठेवला तर आतून पोकळ पडतो, त्यामुळं त्या प्लॉटच्या तोडीसाठी आधी नंबर लावा.

प्रश्न (चाकणजवळून): गायींवर गोचीड कमीच होत नाहीत. एरवी थंडीत कमी होतात.

उत्तर: थंडीत गोचिडाचं चक्र मंदावतं, यंदा मंदावलं नाही. गायीच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकी अंडी गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या खाली असतात. नुसती गाय फवारून उपयोग नाही, भेगा बुजवा, गाय बाहेर काढून फ्लेम गन फिरवा (पेंढा आधी लांब न्या, सांगायला नको पण सांगते), आणि औषधाची मात्रा डॉक्टरांकडूनच. थंडी कमी असल्याचा फायदा पोल्ट्रीवाल्यांना, पिल्लांना ऊब द्यायचा (ब्रूडिंगचा) खर्च वाचतो.

प्रश्न (औंध): दरवर्षी जानेवारीअखेर मित्रांबरोबर हुरडा पार्टीला जातो. यंदा आयोजक म्हणतात लवकर या नाहीतर संपेल. मार्केटिंग आहे का?

उत्तर: थोडं असेल, पण कारण खरं आहे. हुरडा म्हणजे ज्वारीचा दाणा दुधातून घट्ट होतानाची अवस्था, बोटानं दाबला तर दबतो पण फुटत नाही अशी. गार हवेत ही अवस्था बरेच दिवस टिकते, दुपारी तापायला लागलं की चार दिवसांत दाणा टणक आणि मग आगटीत भाजला तरी दाताखाली खडे. गुळभेंडी, सुरती असं खास हुरड्याचं वाण लावणारे शेतकरी म्हणूनच पेरणी टप्प्याटप्प्यानं करतात. लवकर जा. आणि कणीस तळहातावर चोळून दाणे काढून देणारी माणसं पहाटेपासून गोवऱ्यांच्या धगीपुढं बसलेली असतात, त्यांच्याशी भावाची घासाघीस करू नका. शेजारच्या शाळूवर भोरड्यांचा थवा उतरला तर तेही बघून घ्या, मालक गोफण घेऊन शिव्या देत असेल ते सोडा, त्या किडेही भरपूर खातात.

प्रश्न (धायरी): डास जात का नाहीत?

उत्तर: थंडी पडली की डासांची वाढ मंदावते, ती पडली नाही. कुंड्यांच्या ताटल्या आणि टाकीचं झाकण बघा, हिवाळा आहे म्हणून बेफिकीर राहू नका.

प्रश्न (खडकवासला): सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे, अजून गेलं नाही. जाळून टाकावं असं मीटिंगमध्ये चाललंय.

उत्तर: जाळू नका. आग्या माश्या फुलोऱ्यामागं फिरतात, आता काटेसावर, पळस फुलायला लागले की त्यांना इथं काम आहे, फुलोरा संपला की त्या स्वतःच उठतात. धूर, उग्र परफ्यूम, दगड आणि खालचे फटाके एवढं टाळलं तर त्या तुमच्या वाटेला जात नाहीत. अगदीच जिन्याजवळ असेल तर मोहोळ न मारता काढणारी प्रशिक्षित माणसं पुण्यात मिळतात, इथं १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, गणेशखिंड रोडला, तिथं चौकशी करा.

प्रश्न (वेल्हे, शिक्षक): आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना हवामान आणि झाडं-पक्षी यांच्या नोंदी ठेवायच्यात. महागडी उपकरणं नाहीत. सुरुवात कशी करावी?

उत्तर: सर, एक साधा किमान-कमाल थर्मामीटर घ्या, फार महाग येत नाही. पत्र्याखाली किंवा भिंतीला चिकटवून लावू नका, सावलीत, मोकळ्या हवेत, मुलांच्या डोळ्याच्या उंचीवर. रोज सकाळी एकाच वेळी आकडा लिहायचा आणि त्याच ओळीत तीन गोष्टी: आभाळ मोकळं का ढगाळ, गवतावर दव होतं का, धुकं होतं का. हे महत्त्वाचं, कारण नुसत्या आकड्यावरून का हे कळत नाही.

झाडं ठरवून घ्या, शाळेजवळचा एक आंबा, एक पळस, एक काटेसावर, आणि दर सोमवारी त्याच झाडांकडं जायचं. कळी, फूल, नवी पालवी, फळ, यातलं काय आणि साधारण किती. "पळस यंदा लवकर फुलला" असं वाक्य वहीत नको, गावात दोन पळस कधीच एका दिवशी फुलत नाहीत, म्हणून झाडाला नंबर द्या. सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे, त्यात शाळांना नाव नोंदवता येतं आणि पक्ष्यांसाठी ईबर्ड. पक्ष्यांत सोपे निवडा: पांढरा धोबी आणि थिरथिरा पहिल्यांदा कधी दिसले, शेवटचे कधी दिसले. शेवटचा दिवस पकडणं अवघड जातं, त्यामुळं मार्च-एप्रिलमध्ये मुलांना रोज लिहायला लावा, दिसला नाही तरी "दिसला नाही" असं. धरणाचं पाणी किती आणि भात कापणी कधी झाली हेही त्याच वहीत असू द्या, गुंजवणीच्या काठावरच्या मुलांना ते घरातूनच कळेल.